ओळीखालचं बोट

"बोट ओळीखाली ठेव. डोळ्यांचा भरवसा धरू नकोस, डोळे लबाड असतात. पुढचं दिसलं की मागचं टाकून पळतात. बोट मुकं असतं, पण इमानी. आणि हे बघ, चुकलीस तर आधी मला सांगायचं, मग जगाला. कबूल?" मी मान हलवली होती. "मान नको हलवू, तोंडाने म्हण." कबूल, मी म्हटलं होतं, इतक्या हळू की ताई हसल्या होत्या. "या आवाजात तू मला दिवसभर वाचून दाखवणार? मला कानाला भोंगा लावून घ्यावा लागेल!" त्याला एकोणीस वर्षं झाली. भोंगा काही लागला नाही. माझा आवाज त्यांच्या कानाच्या मापाचा झाला की त्यांचा कान माझ्या आवाजाच्या मापाचा, कोण जाणे. पण आज साहेबांच्या खोलीतून बाहेर पडले आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले तेव्हा आधी आठवलं ते हेच. त्यातलं बोट नाही. कबूल.

साहेबांनी मला एकटीलाच बोलावलं होतं, तिथेच पायांखाली काहीतरी हललं होतं. आम्हाला कुणी एकटीला बोलवत नाही. मोठ्या बाई आणि धाकट्या बाई अशी आमची जोडीने हाक असते, चपलांची असते तशी. कोशाच्या कचेरीत आमचं काम म्हणजे एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस पुरा, सगळं उच्चारून, आणि दुसरीने छापून आलेल्या प्रुफावर नजर ठेवून ऐकायचं, जिथे ऐकलेलं आणि दिसलेलं जुळत नाही तिथे खूण करायची. मी वाचते, ताई बघतात. प्रुफाच्या शेवटी सही होते ती बघणारीची. वाचणारीचं नाव कुठेच येत नाही. आवाजाची सही कशी घेणार? "बसा," साहेब म्हणाले, आणि मी बसले तरी पुन्हा म्हणाले, "बसा ना." मग सहा चिठ्ठ्या त्यांनी टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या. सूचीवाल्याने आणून दिल्या होत्या. सूचीवाला म्हणजे ज्याला आम्ही मुंगी म्हणतो. ओळीवरून ओळीवर चालतो, साखर सोडत नाही. कोशातल्या प्रत्येक नोंदीपुढे पानाचा आकडा घालणं हे त्याचं काम. "या सहांना पानच सापडत नाही म्हणतो. नोंदींची कार्डं आहेत, मूळ प्रतीत असणारच. छापलेल्या पानांच्या फर्म्यात नाहीत. आणि तो फर्मा छापून, घड्या घालून, बांधायला गेलाय." मी विचारलं, कोणतं प्रकरण? साहेब हसले, मिशीतल्या मिशीत, म्हणाले, "वरचढपणाचं."

मग ते जे बोलले ते मला अजून तुकड्यातुकड्याने ऐकू येतंय, एकसंध नाही. प्रुफावर सही मोठ्या बाईंची आहे. वय झालं, डोळ्यांचं त्यांनाही कळत असेल. तुम्हाला मी काही म्हणत नाही, तुमचं वाचन म्हणजे घड्याळ. एक तारखेपासून निम्मं वाचन यंत्र करणार, वरून तसंच आलंय, त्यामुळे जागा एकच राहील. कुणाची, हे ठरवणं जड जात होतं हो. आता वाईट वाटतं, पण सोपं झालं. उद्या अकराला बोलावलंय त्यांना. "तुमचं काय मत?" खिडकीच्या काचेवर बाहेरून कुणीतरी पुसून गेलेल्या फडक्याचे अर्धवट गोल दिसत होते. मी त्या गोलांकडे बघत म्हटलं, "मी काय बोलू?" आणि साहेबांनी मान डोलवली, पसंतीची, जणू मी अगदी बरोबर उत्तर दिलं होतं. "तेच. तुमच्यासारखं माणूस कुणाबद्दल काय बोलणार?" मी उठले. दार लावताना ते हळूच लावलं. मी सगळीच दारं हळू लावते.

हा आमचा कोश अक्षरवार नाही, अर्थवार आहे. माणसाच्या मनात जे जे येतं त्याची प्रकरणं पाडलेली, आणि प्रत्येकाखाली त्या अर्थाचे शब्द, म्हणी, वाक्प्रचार. प्रेम, राग, भूक, झोप. त्यातलं दुसऱ्यावर वरचढ असण्याचं प्रकरण आम्ही गेल्या उन्हाळ्यात वाचलं. ताईंनी पानं मोजून पाहिली होती आणि चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या होत्या, "प्रेमाला अकरा पानं, दुसऱ्याच्या उरावर बसायला तेवीस! भाषा खोटं बोलत नाही गं, माणसं बोलतात." कुरघोडी करणे. पारडे जड असणे. बाजी मारणे. वरचष्मा असणे. सरशी होणे. ज्याच्या हाती ससा तो पारधी. मी वाचत होते आणि ताई मध्येच हसत होत्या, अमक्या शब्दाला आमच्या जाऊबाईंचा फोटो छापा, तमक्याला साहेबांचा. त्या पानांत किती घोडे, किती पैलवान, किती दोऱ्या! सगळं अंगाने, जोराने, आवाजाने केलेलं. आता जिन्यात उभी राहून मी ते प्रकरण डोळ्यांपुढून पुन्हा सरकवलं आणि वाटलं, त्यात एक माणूस राहूनच गेलं आहे. काहीही न करता वर चढणारं. हळू बोलणारं. खाली मान घालून बसलेलं आणि त्यामुळेच कुणाच्या नजरेत न आलेलं. तेवीस पानांत त्याच्यासाठी एक शब्द नव्हता.

मूळ प्रती माझ्या कपाटात असतात. किल्ली माझ्या पदराला. ताई आपल्या जागेवर होत्या, पाठ माझ्याकडे, पुढल्या प्रकरणाचं प्रूफ नाकाशी धरून. इतकं जवळ कधीपासून धरायला लागल्या? मी गठ्ठा काढला, सुतळी सोडली. ताईंनीच शिकवलेली रीत: वाचून झालेल्या प्रत्येक नोंदीच्या बाजूला समासात पेन्सिलीने एक टिंब द्यायचं. तांदळाच्या कणीएवढं. टिंबांची ती रांग खाली उतरत जाते आणि पान संपतं. एकशे चौदावं पान. "हातात दोरी असणे", पुढे टिंब. मग सहा नोंदी. हातात नाडी असणे. हातात मानगूट असणे. हातात लगाम असणे. हातात वेसण असणे. हातात शेंडी असणे. हातात सूत्रे असणे. त्यांच्या बाजूचा समास कोरा. मग "हातात हुकमाचे पान असणे", आणि पुन्हा टिंब. एका ‘हातात’वरून दुसऱ्या ‘हातात’वर. छापखान्यात मजकूर जुळवणाऱ्या जुळाऱ्याची नजर तिथे घसरली होती आणि नेमकी तिथेच माझीही; पुढच्याला ठेच लागली आणि मागचा शहाणा झाला नाही. ताईंच्या समोरच्या प्रुफात जे नव्हतं ते मी वाचलंही नव्हतं. त्यांनी काय पकडायचं होतं? कान आणि डोळे जुळले, सही झाली. चूक त्यांची नव्हतीच. जुळाऱ्याची होती आणि माझी होती, आणि जगात ते ठाऊक असणारी मी एकटी होते, आणि हे पान.

मला तो क्षण आठवत नाही असं म्हणणं सोपं होतं. पण आठवला, अंगासकट आठवला. दुपार उतरली होती. माझा एक नेम आहे, घरी सूर्य मावळायच्या आत दिवा लावून बसायचं. आई गेली त्या वर्षापासून एक दिवस चुकला नाही. त्या दिवशी प्रकरण संपवूनच उठायचं असं ताईंचं चाललं होतं आणि खिडकीतला उजेड पिवळा व्हायला लागला होता. मी वाचता वाचता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही. चष्म्यावर उजेड येत होता म्हणून हात कपाळाशी नेला, आडोसा केला. उजवा हात. तोच, ज्याचं बोट ओळीखाली होतं. पाच वाजून चाळीस. मग बोट परत ठेवलं. पोचेन, असं वाटून बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्यात मी पुढची ओळ वाचली, हातात हुकमाचे पान असणे, पूर्णविराम. त्या संध्याकाळी दिवा वेळेत लागला होता. वातीची ज्योत किती सरळ होती तेही आठवतं. देवापुढे मी हात जोडून बसले होते आणि सहा ओळी इथे कपाटात कोऱ्या समासाच्या बाजूला पडून होत्या. नेम पाळला तो कुणाच्या जिवावर?

गठ्ठा मांडीवर घेऊन मी बसून राहिले. कपाटाचं दार उघडं होतं, त्याच्या आड मी. कुणाला दिसत नव्हते. पेन्सिल हातात कधी आली? कानामागे असते ती, कामाच्या वेळी तिथेच असते. मी स्वतःला काही सांगितलं नाही, कोणता विचार केला नाही, निदान शब्दांत केला नाही, आणि मला शब्दांत विचार करण्याचीच सवय आहे. फक्त टोक टेकलं. "हातात नाडी असणे" याच्या बाजूला एक टिंब उठलं. कणीएवढं. वरच्या टिंबांसारखंच, रांगेत, जरा काळं. अजून पाच दिली की झालं. मग वाचणारीने वाचलं होतं, बघणारीचं लक्ष नव्हतं. पाच टिंबं द्यायला पाच श्वास लागले असते. मी हात मागे घेतला तो कुणी चटका दिल्यासारखा, आणि पेन्सिल फरशीवर पडली. "काय पाडलंस गं?" ताईंनी मागे न वळताच विचारलं. "पेन्सिल," मी म्हटलं. खोडरबर फिरवला. टिंब पुसट झालं, गेलं नाही. कागद तेवढ्या जागी चकचकीत झाला. दिलेलं टिंब आणि पुसलेलं टिंब, आता दोन्ही दिसत होती.

दुपारच्या चहाला ताई माझ्या टेबलाशी आल्या. कप दोन्ही हातांनी धरतात त्या, थंडी नसली तरी. त्यांना कळलं होतं. मुंगीनेच सांगितलं असणार. त्याला साखर एकट्याने खाववत नाही. "सहा ओळी गं," त्या म्हणाल्या. मग एक घोट घेऊन, "एक असती तर समजले असते. सहा! एकाखाली एक सहा ओळी तू माझ्या कानाशी वाचल्यास आणि माझ्यासमोर त्या नाहीत हे मला दिसलं नाही? म्हणजे मी बघत काय होते?" मी कपाकडे पाहिलं. "मूळ बघितलंस का?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून आलं, "अजून नाही." किती मऊ आलं ते. लोण्यातून सुरी गेल्यासारखं. मुद्दाम खोटं बोलायचं नाही हाही माझा एक नेम, आणि तो मोडताना आवाजसुद्धा झाला नाही. ताई म्हणाल्या, "नकोच बघू. बघून काय होणार? सही माझी आहे." मग पर्स उघडून त्यांनी एक घडी केलेला कागद दाखवला, नुसता वरचा कोपरा. "साहेबांनी काढण्याआधी मीच लिहून देते. पासष्ट पुरी व्हायला तीन वर्षं राहिली होती फक्त. पण हे बघ, सही करून चुका सोडणारी बाई म्हणून बसायचं, त्यापेक्षा घरी बसून भाजी निवडलेली बरी. तिथे निदान अळी डोळ्यांना दिसते." त्या हसल्या. मी हसले नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "अगं, तुझं चांगलं होतंय त्यात. एक जागा राहणार, ती तुझी. मला दुसऱ्या कुणाची चालली नसती."

मी बोटांनी टेबलाची कड चाचपत होते, तिथे एकोणीस वर्षांत माझ्या नखाने एक खाच पडली आहे. ताई पुढे म्हणाल्या, "एक काम करशील? उद्या सकाळी आठला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. नेमकं काय झालंय ते कळू दे, मगच हा कागद देईन. डोळ्यांत औषध घालतात, मग दोन तास सगळं धुरकट. रस्ता ओलांडायला कुणी हवं. तुझं सकाळचं मौन असतं ना कचेरीत येईपर्यंत? असू दे. बोलू नकोस. नुसता हात धर माझा, तेवढं मला पुष्कळ." मी मान हलवली. "मान नको हलवू," त्या सवयीने म्हणाल्या, "तोंडाने म्हण." येईन, मी म्हटलं. आठला. येईन.

घरी निघताना एकशे चौदावं पान माझ्या पिशवीत होतं. मूळ प्रत कचेरीबाहेर न्यायची नाही हा नियम, मोडला. का आणलं बरोबर? जाळायला? जपायला? रस्त्यात दोनदा थांबून मी पिशवीत हात घालून ते आहे ना पाहिलं. चपलांच्या दुकानाच्या काचेत माझं रूप दिसलं: पदर नीट, केस नीट, चेहरा शांत. शांत! सगळे म्हणतात. लहानपणापासून म्हणतात. आमच्या घरात आम्ही दोघंच भावंडं, दादा आणि मी, दादा म्हणजे आवाज आणि मी म्हणजे त्याच्यामागची शांतता. बाबांचा थर्मामीटर फुटला तेव्हा मी सात वर्षांची होते, दादा दहाचा. मीच फोडला. झटकून बघत होते बाबा झटकतात तसा, आणि तो कपाटाच्या कोपऱ्यावर आपटला. पाऱ्याचे चकचकीत गोळे फरशीवर पळायला लागले, धरायला गेलं की एकाचे दोन, दोनाचे चार. बाबा आले तेव्हा खोलीत आम्ही दोघं होतो. "कुणी फोडला?" दादा म्हणाला, मी नाही, मोठ्याने, पाय आपटून. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी काय बोलू?" खरंच, तेच शब्द. आणि बाबांना वाटलं, पोर भावाला वाचवते आहे. दादाला दुपारभर दाराबाहेर उभं केलं, आणि मामाबरोबर आगगाडीने जायचं त्याचं ठरलं होतं ते रद्द करून मला पाठवलं. खिडकीची जागा मिळाली मला. मामाने मुद्दाम दिली, शहाणी मुलगी म्हणून.

संध्याकाळी दिवा लावला. वेळेत लागला. पण पाठ म्हणायला बसले तर तिसऱ्या ओळीवरून एकदम सातवीवर गेले, मागे आले, पुन्हा तिथेच घसरले. इतकी वर्षं तोंडपाठ असलेलं! मग मी लहान मुलासारखं पोथीतल्या ओळीखाली बोट ठेवलं. माझ्या देवाला मी कधी काही मागत नाही. मागायचं नाही हाही नेमच. आज मागावंसं वाटलं आणि काय मागायचं ते सुचेना. ताईंची जागा राहू दे? माझी राहू दे? दोन्ही एकदम राहणार नाहीत हे देवालाही वरून कळलेलं असेल. वहिनी दारातून डोकावली. "वन्सं, आज देव जास्त बोलतायत की तुम्ही?" वहिनीचं बोलणं असंच, गुदगुल्या करून चिमटा काढणारं, पण मायेचं. या घरात मी राहते ती माझ्या पगाराच्या जोरावर नाही, हे दादा दर महिन्याला सांगतो. पण सकाळी पावणेनऊला पिशवी घेऊन मी उंबरा ओलांडते तेव्हा या घरातली मी एक बाहेर जाणारी बाई असते, परतून येणारी. दिवसभर इथेच बसलेली नणंद होऊन राहायचं म्हणजे काय, ते मी शेजारच्या घरात बघितलं आहे. ती बाई हल्ली खिडकीतून जाणाऱ्यायेणाऱ्याला वेळ विचारते.

दादा पाटीवर रंग घोटत बसला होता. चित्रकलेचा मास्तर होता तो, निवृत्त झाला तरी रंग घोटायची खोड गेली नाही. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, तो थर्मामीटर आठवतो?" त्याने वर पाहिलं नाही. "तू फोडलेला?" तो म्हणाला. रंगाची पूड पाटीवर गोल गोल फिरत होती. मी विचारलं, तुला माहीत होतं? "अगं, मी खोलीतच होतो की! तू झटकत होतीस, मी बघत होतो. आंधळा होतो का?" मग बोलला का नाहीस? "बोललो की, मी नाही म्हणून. तुझं नाव कशाला घेऊ? आणि घेतलं असतं तरी बाबांनी ऐकलं असतं? मी ओरडणारा, तू ही अशी," त्याने ओठ मिटून माझा चेहरा करून दाखवला, इतका हुबेहूब की वहिनी आतून हसली. "तेव्हा फार राग आला होता. म्हटलं, असू दे, हातचा एक राहिला माझ्याकडे. कधी भांडणात लागला तर काढीन." मग? "मग काय, पन्नास वर्षं झाली, लागलाच नाही. तू भांडतच नाहीस!" तो हसला आणि पाटीवरचा हात न थांबवता म्हणाला, "ती आगगाडी मात्र कधी कधी आठवते. तू येऊन सांगत होतीस ना, बोगद्यात दिवे लागतात म्हणून. मी म्हटलं, असतील."

रात्रभर मी त्या बोगद्यातच होते. म्हणजे झोपले, पण पडले की तिथेच, आणि उठले की तिथून. पन्नास वर्षं त्याला माहीत होतं. त्याने वापरलं नाही म्हणून मला वाटत राहिलं की कुणालाच माहीत नाही. आणि ताई? ताईंचा कान. माझ्या श्वासाच्या जागासुद्धा त्यांना ठाऊक. मला सर्दी होण्याआधी त्या म्हणतात, उद्या तुला सर्दी होणार. त्या दुपारी बोट उचलून मी घड्याळ पाहिलं तेव्हा आवाज एका क्षणाला थांबला असेल, तो त्यांना ऐकू आला नसेल? मग "मूळ बघितलंस का" हे त्यांनी का विचारलं, आणि "नकोच बघू" हे का? ऐकलं असेल, विसरल्या असतील. की ऐकलं असेल आणि विसरल्या नसतील आणि कागदाचा कोपरा मला दाखवताना माझ्या तोंडाकडे बघत असतील, ही आता म्हणेल, आता म्हणेल? हे खरं की माझ्या मनाचे खेळ? मन पाऱ्यासारखं झालं होतं, धरायला गेलं की चार. पण पहाटे डोळे उघडले तेव्हा एवढं एक स्वच्छ होतं, की त्यांना माहीत असो वा नसो, त्याने काही फरक पडत नाही. माहीत असेल तर त्यांनी मला अजून एक दिवस दिला होता. नसेल तर एक बाई आपले चांगले डोळे गेले असं समजून घरी बसायला निघाली होती. आणि माझ्या मौनाला सगळे पुण्य म्हणत होते.

अंघोळ केली. पहाटेचा पाठ केला, ओळ न गाळता. नाही, एकदा गळली; मागे जाऊन पुन्हा म्हटली. उठल्यापासून कचेरीत पोचेपर्यंत मी बोलत नाही, आणि एकोणीस वर्षं माझ्या दिवसाचा पहिला शब्द हा मूळ प्रतीतला, ताईंना वाचून दाखवलेला असतो. कधी "कांदा", कधी "करुणा", जे पान असेल ते. आज कचेरीच्या आधी, डॉक्टरच्या दारात, औषधाचा थेंब पडण्याआधी वाचून दाखवायचं. आधी ताईंना, मग अकराला साहेबांना, तेही मोठ्याने. ताई ओरडतील. त्यांनी ओरडावं. मग म्हणतील का, अगं वेडे, सहा ओळींसाठी एवढं? म्हणतील किंवा म्हणणार नाहीत; त्या माझ्या हातातून हात काढून घेतील, किंवा नाही घेणार. जागा जाईल. ती शेजारची खिडकी एकदा डोळ्यांपुढे आली, वेळ विचारणारी बाई आली. येऊ दे. ते पान पिशवीतून काढून मी दिव्याच्या उजेडात पुन्हा पाहिलं: पाच नोंदींपुढे कोरा समास, आणि एकीपुढे ती चकचकीत जागा. तीही दाखवायची. ते सांगणं ओळींपेक्षा जड जाईल.

"वन्सं, सात वाजताच? पाखरंसुद्धा अजून चहा घेतायत," वहिनी म्हणाली. मी ओठांवर बोट ठेवलं. "हो हो, मौन. देवाचं काम दिसतंय." दादा पायरीवर पेपर घेऊन बसला होता, त्याने पाय आखडून मला वाट दिली आणि उगीच माझ्या डोक्यावर पेपराची सुरळी टेकवली, लहानपणी टेकवायचा तशी. रस्ता ओला होता, कुणीतरी दारापुढे पाणी मारलं होतं. चौकात मोठं घड्याळ आहे. रोज तिथे पोचले की मान आपोआप वर जाते. मी उजवा हात पिशवीत घातला, पानाच्या घडीत बोट सरकवलं, साधारण जिथे "हातात नाडी असणे" ही ओळ असेल तिथे, आणि ते तिथून न काढता, वर न बघता चौक ओलांडला.